बारा रिकाम्या चौकटी

मोताळ्यात बस स्टँडवरून बाजाराकडे जाताना उजव्या हाताला एक पत्र्याचं दुकान लागतं. बाहेर गाद्यांची चळत, आत पिंजणयंत्राची घरघर. आत गेलेला माणूस बाहेर येताना भुवया पांढऱ्या करूनच येतो. हे बशीर मन्सूरींचं दुकान. तीन पिढ्या कापूस पिंजणारं घर. पण ही गोष्ट त्यांची नाही, त्यांचा मुलगा अकील याची. अकील काय करतो, असं मोताळ्यात कोणालाही विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "बापाच्या दुकानात बसते, अजून काय!" उत्तर खोटं नव्हतं. फक्त त्यात सकाळचे तीन तास धरलेले नव्हते, आणि अकीलचं खरं आयुष्य त्या तीन तासांत होतं.

सहा ते नऊ. नऊला यंत्र सुरू झालं की हवेत तंतू उडायचे आणि संगणकाचा पंखा गच्च व्हायचा, म्हणून नऊच्या ठोक्याला तो मागच्या खोलीतला संगणक बंद करून त्यावर बायकोची, आसमाची, जुनी ओढणी घालायचा. त्याआधीच्या तीन तासांत तो कंपायलर लिहायचा.

कंपायलर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. माणूस कुठल्या तरी संगणकी भाषेत हुकूम लिहितो. तो हुकूम यंत्राला कळेल असा करून देणारा एक प्रोग्राम मधे असतो, तो कंपायलर. अकीलचा कंपायलर लिनेट नावाच्या भाषेचा होता. लिनेट ही फंक्शनल जातीची भाषा, म्हणजे जरा हेकट. एकदा ठेवलेला आकडा मागाहून गुपचूप बदलू देत नाही, आणि एखाद्या प्रश्नाची जेवढी उत्तरं संभवतात त्या प्रत्येकाचं काय करायचं हे लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. हा कंपायलर कोणाच्या मालकीचा नव्हता. जगभरातली चाळीसेक माणसं तो फुकट लिहीत, फुकट दुरुस्त करत, आणि ज्याला वाटेल त्यानं तो उघडून वाचावा अशी मुभा होती. त्या चाळिसांतला एक माणूस मोताळ्यात गादीच्या दुकानामागे बसतो, हे बाकीच्या एकोणचाळिसांना ठाऊक होतं. मोताळ्याला नव्हतं.

अकील इंजिनिअर झाला, दोन वर्षं पुण्यात नोकरीही केली. तिथे तो 'मला'ऐवजी 'मले' म्हणाला की टेबलावरची माणसं गालात हसायची. मग बशीरचाचांची छाती भरून यायला लागली. उभा जन्म कापसाची धूळ ओढलेली छाती ती, किती दिवस साथ देणार! अकील परत आला तो कायमचा. लोकांनी दोन महिने 'नोकरी गेली वाटते' म्हणून चघळलं आणि सोडून दिलं. त्यानंही कोणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार? पैसे मिळत नाहीत, दिसत नाही, हातात धरता येत नाही, अशा कामाला आपल्याकडे काम म्हणतच नाहीत.

त्या कंपायलरमधला जो भाग अकीलनं एकट्यानं लिहिला, तो मात्र त्यानं दुकानातच उचलला होता. बशीरचाचा कापूस यंत्रात घालण्याआधी त्याची मूठ न मूठ हातानं चाचपतात. सरकीचा तुकडा, खडा, तार, काही राहिलं की यंत्रात ठिणगी पडते आणि कापसाला आग लागायला तेवढं पुष्कळ. एकदा, अकील शाळेत असताना, लग्नाच्या गाद्यांची घाई होती म्हणून त्यांनी एक गाठोडं न पाहता यंत्रात सोडलं. खडा निघाला. डावा हात कोपरापर्यंत भाजला, नवरीच्या गाद्या जळाल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही ओरडो, न चाचपलेली मूठ आत जात नाही.

अकीलचा भाग तेच करायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं एखादी शक्यता विचारात घेतली नसेल तर कंपायलर तिथेच थांबे आणि काय राहिलं ते दाखवे. समजा एक चौकट आहे. तिच्यात आकडा असेल, किंवा ती रिकामी असेल. आकडा असला तर काय करायचं हे तुम्ही लिहिलं, पण रिकामी असली तर काय, ते विसरलात. अकीलची तपासणी तुम्हाला पुढे जाऊ देणार नाही. वेगवेगळ्या देशांतले लोक आपापल्या भाषेत हे इशारे लिहीत, तसा मराठी इशारा अकीलनं लिहिला: 'एक राह्यलं, भाऊ.' पुण्याच्या एका विद्वानानं तो बदलून 'एक शक्यता अनिर्दिष्ट राहिलेली आहे' असा करायला सुचवलं. अकीलनं विनम्रपणे नकार दिला. आयुष्यात त्यानं पुण्याला दिलेला हा बहुधा एकमेव नकार असेल, आणि दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली तेव्हा तो त्याला जमला नाही.

ती वेळ आली २०१७ च्या उन्हाळ्यात. पुण्याच्या एका छोट्या कंपनीतल्या योगिनी नावाच्या मुलीचं पत्र आलं. त्यांनी लिनेट भाषेत शेतकऱ्यांसाठी सल्ल्याची सोय बांधली होती. बीटी कपाशीला आता गुलाबी बोंडअळी जुमानत नव्हती. बियाण्याच्या थैलीसोबत येणारी साध्या बियाण्याची छोटी पुडी बांधाकडेला पेरायची असते, म्हणजे अळी बीटीला सरावत नाही. पण ती कोणी पेरली नाही. पंधरा वर्षं पुड्या उकिरड्यावर गेल्या आणि अळी सरावली. तेव्हा आता गावोगाव नर पतंगांना मादीच्या वासानं ओढणारे कामगंध सापळे लावायचे, रोज त्यात अडकलेले पतंग मोजायचे, गावचा 'सापळामित्र' तो आकडा मोबाईलवर भरणार आणि त्यावरून सगळ्या गावाला निरोप जाणार: फवारा किंवा फवारू नका. पहिली गावं बुलडाणा जिल्ह्यातली, आणि त्यात मोताळा तालुक्यातलं कोल्हीखेडही होतं.

योगिनीची अडचण साधी होती. जुन्या नोंदींत शेकडो ठिकाणी रिकाम्या चौकटी होत्या, प्रत्येक ठिकाणी कंपायलर अडत होता आणि पेरणी तोंडावर आली होती. 'सर, या हंगामापुरती सूट देता येईल का? रिकाम्या जागी शून्य धरून पुढे जाऊ द्या. हंगाम संपला की आम्ही सगळं नीट करू.'

कंपायलरवरच्या माणसांत एक फिनलंडचा म्हातारा होता. तो म्हणाला, दिलेली सूट कोणी परत करत नाही. अकील नऊ वर्षांत कधी भांडला नव्हता. या वेळी भांडला. त्यानं लिहिलं, हे माझ्या जिल्ह्याच्या कापसाचं काम आहे, एवढं माझं ऐका. आपल्या भागाचं काम म्हटलं की आपला माणूस नियम गुंडाळून ठेवतो, मग तो तहसीलमधला कारकून असो की कंपायलर लिहिणारा. म्हाताऱ्यानं ऐकलं. अकीलनं एक ओळ बनवली. ती प्रोग्रामच्या डोक्यावर लिहिली की तपासणी गप्प बसायची आणि रिकाम्या जागी शून्य धरायची. त्या दिवशी त्याला इतका आनंद झाला की त्याच्याकडून नऊला ओढणी घालायची राहून गेली आणि पंखा कापसानं भरला.

कोल्हीखेडचा सापळामित्र झाला इंद्रभान. अकीलच्या बाकावरचा, दहावीपर्यंतचा सोबती. इंद्रभान म्हणजे वजनकाट्यासारखा माणूस. शाळेत मास्तरांनी चुकून एक गुण जास्त दिला तर उठून सांगायचा, आणि वर्गाचा मार खायचा. मोबाईलवर ती सोय घेऊन तो दुकानात आला होता.

"पाय बे अकील, म्या रोज पाच सापळे मोजतो अन् इथं आकडा टाकतो. अख्खं गाव माह्या भरवशावर हाये."

अकीलच्या अगदी ओठावर आलं होतं की अबे, यातला एक तुकडा माझा आहे. पण तो फक्त हसला. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे त्याला कितीदा वाटलं असेल याची मोजदाद नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी इंद्रभानची माय, सरस्वतीबाई, गोठ्यात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इंद्रभान त्यांना घेऊन अकोल्याला गेला आणि बारा दिवस दवाखान्यातच राहिला. दसराही तिथेच गेला.

नोव्हेंबरात थंडी पडली आणि लोक रजयांसाठी घरचा कापूस घेऊन दुकानात यायला लागले. बशीरचाचा पहिल्याच गाठोड्यात हात घालून थांबले. दुसरी मूठ काढली, तिसरी काढली.

"हा कापूस नाही, अकील," ते म्हणाले. "कवडी हाये सारी. पाय, सरक्या एकीले एक चिकटल्या. अंदर से खाल्लं किड्यानं."

कापूस कोल्हीखेडच्या किसनरावांचा होता. ते समोरच बसले होते, त्यांचा आवाज चढला. "बोंडं उमललीच नाहीत, चाचा. फोडलं की आत गुलाबी अळी. अख्ख्या शिवारात हेच. अन् निरोप काय येत होता माहीत हाये? 'पतंग आढळले नाहीत, फवारणीची गरज नाही.' बारा दिवस शून्य! अबे, तो इंद्रभान तं अकोल्याले होता! दवाखान्यात बसून शून्य टाकत होता लेकाचा. आम्ही सरळ घरी बसून राह्यलो."

"इंद्रभान?" अकील म्हणाला. "तो असं करणार नाही, काका."

"तो बी हेच म्हणते, म्या काही टाकलंच नाही. मोबाईल काढून दाखव म्हटलं. दाखवला. बाराही दिवशी शून्य. स्वतःच्या मोबाईलवर! मंग तोंड खाली घातलं त्यानं."

बारा दिवस. शून्य. न टाकलेलं शून्य. यंत्र सुरू होतं, त्याचा आवाज त्याला ऐकू येईना. किसनराव गेले तेव्हा त्यांचं गाठोडं पिंजायचं की परत द्यायचं, हे विचारायचंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं कंपनीचा प्रोग्राम उघडला. तोही सगळ्यांना वाचायला खुला होता. डोक्यावरच ती ओळ होती, त्यानं स्वतः बनवलेली. खाली पतंगांची चौकट. आकडा आला तर काय, ते लिहिलेलं. चौकट रिकामी आली तर काय, ते लिहिलेलं नाही. अकीलनं ती ओळ आपल्या संगणकावर काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा कंपायलरमधून घातला. तो लगेच अडला. पडद्यावर आलं: 'एक राह्यलं, भाऊ.'

तो किती तरी वेळ त्या तीन शब्दांकडे पाहत बसला. हे वाक्य जूनमध्ये कोणाला तरी दिसलं असतं. एकानं वाचलं असतं, एक ओळ लिहिली असती, आणि बारा दिवस गावाला निरोप गेला असता की आकडा आलेला नाही, स्वतः जाऊन पाहा. ते त्यानंच बंद करून दिलं होतं.

त्यानं योगिनीला लिहिलं. ती कंपनी सोडून गेली होती. तिला वाईट वाटलं, पण तिच्या हातात काही उरलं नव्हतं. कंपनीच्या नंबरवर गाणं वाजत राहिलं. कंपायलरवाल्यांना त्यानं सगळं कळवलं. त्यांनी समजूत घातली: सूट त्यांनी मागितली, वापरली त्यांनी, यात तुझी चूक कुठे? फिनलंडच्या म्हाताऱ्यानं काहीच लिहिलं नाही, त्याचे आभार मानावेत तेवढे थोडे. अकीलनं ती सूट कंपायलरमधून कायमची उपटून टाकली. पण कोल्हीखेडला त्याचं काय?

बशीरचाचांना त्यानं सांगितलं तेव्हा ते रजईला टाके घालत होते. त्यांना कंपायलर कळला नाही. चौकट आणि शून्य मात्र पक्कं कळलं.

"माह्या हातानं गाद्या जळाल्या तवा म्या काय केलं, याद हाये तुले?"

"नाही, अब्बा."

"पट्टी बांधून नवरीच्या बापाच्या दारात गेलो. मशीन खराब झाली म्हणून सांगता आलं असतं. म्हटलं, म्या पाह्यलं नाही. शिव्या खाल्ल्या. पन गाठोडं आणणाऱ्या त्याच्या पोराले कोणी बोललं नाही की तूच गाठोड्यात खडा बांधला." त्यांनी दोरा दातानं तोडला. "तू जाय."

तो गेला. संध्याकाळची वेळ, कोल्हीखेडच्या पारावर दहा-बारा माणसं होती. अर्ध्या वावरांत कपाशीची पऱ्हाटी उपटून टाकलेली. इंद्रभान सगळ्यांपासून दूर, पाराच्या कडेला उभा होता. हल्ली तो बसत नसे. अकीलनं सोबत आणलेला लॅपटॉप उघडला नाही. त्यानं जमिनीवर खडूनं एक चौकट काढली.

"इंद्रभाननं ही रिकामी ठेवली होती. काही टाकलं नाही त्यानं. रिकामीच्या जागी शून्य मशीननं धरलं. अन् मशीननं तसं धरावं, ही सोय म्या बनवली होती. आधी ते थांबत होतं. म्या थांबू दिलं नाही. चूक माही हाये, याची नाही."

मग किसनरावांनी विचारलं, "तू बनवली? कुठं?"

"घरी. दुकानाच्या मागं."

"पुण्याच्या कंपनीची मशीन तू गादीच्या दुकानामागं बनवली?"

"कंपनीची नाही, काका. ती ज्या भाषेत..." आणि इथे अकीलला शब्दच सापडेनात. नऊ वर्षांत त्यानं हे मराठीत कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. तो अडखळला, पुन्हा सुरुवात केली, फिनलंड म्हणाला, फुकट म्हणाला, चाळीस माणसं म्हणाला. एक जण हसला. मग दोघं हसले.

किसनराव हसले नाहीत. त्यांनी मायेनं अकीलच्या खांद्यावर हात ठेवला, ते जास्त वाईट होतं. "बाकावरचा दोस्त हाये तुहा, समजते आमाले. दोस्तासाठी मानूस बोलते. पन येवढं मोठं नोको सांगू, बाप्पा. बशीरचाचाचं नाव चांगलं हाये गावात."

माणसं उठून गेली. इंद्रभान अकीलसोबत सडकेपर्यंत चालत आला.

"खरं हाये का हे?" इंद्रभाननं विचारलं.

"हाव."

"मले वाटलं होतं, मीच येडा झालो. मायजवळ जागून जागून हातून शून्य दाबल्या गेलं असंन. रोज तेच आठवत राह्यलो." तो थांबला. "दुसऱ्याले मोजाले सांगता आलं असतं मले. पन तो वावरात न जाताच आकडा टाकीन, हे माहीत होतं. न मोजता कसं टाकू? म्हून रिकामं ठेवलं. म्हटलं, रिकामं दिसलं की कोणी तरी फोन करून विचारीन, इंद्रभान, काऊन रिकामं हाये?"

त्यानं अकीलकडे पाहिलं.

"अन् ते आधी विचारत होतं?"

"हाव."

"अन् तू त्याले गप केलं?"

"हाव."

इंद्रभाननं मान हलवली. रागानं नाही, समोरचं गणित सुटल्यावर शाळेत हलवायचा तशी. साऱ्या कोल्हीखेडात अकीलच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच निघाला. तो वळला आणि गावाकडे चालू लागला, आणि त्यानंतर अकीलशी बोलला नाही.

पुढच्या वर्षी कोल्हीखेडचा सापळामित्र दुसराच कोणी झाला. इंद्रभाननं कपाशी सोडली, सोयाबीन पेरलं. गावात त्याचं नाव पडलं ते पडलंच. कुठे आकड्याचा विषय निघाला की लोक त्याच्याकडे पाहून गप्प होतात. अकील आजही सहाला उठतो. लिनेटचा कंपायलर आता कोणालाही सूट देत नाही आणि त्यासाठी जगभरातले लोक त्याला शिव्या घालतात.

मागच्या हिवाळ्यात सरस्वतीबाई काठी टेकत दुकानात आल्या. बरोबर जुन्या रजईचं गाठोडं होतं.

"पिंजून दे, बाबू. इंद्रभान म्हणे, दुसरीकडं नेऊ नोको, तिथं मूठ न मूठ पाहून देतात."

बशीरचाचांचे हात आता थरथरतात. पाहायचं काम अकीलच करतो. म्हातारीला हे ठाऊक नसावं.

"तो नाही आला, माय?"

"आला ना. तो पाय, तिकडं उभा हाये." सडकेपलीकडे इंद्रभान मोटारसायकलला टेकून उभा होता, तोंड बाजाराकडे. "चाल म्हटलं आत, तं म्हणे मी इथंच बरा. काऊन रे, तुमचं काही झालं का?"

अकीलनं गाठोड्याची गाठ सोडली. जुना कापूस खाली ओतला, मांडी घालून बसला आणि पहिली मूठ हातात घेतली.

"हाव, माय," तो म्हणाला. "माह्याकडून एक राह्यलं."